आरोप निराधार आहेत

रविवार, २ डिसेंबर १९८४, रात्री ८.३०

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात दुसरी पाळी चालू होती. मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे कारखान्याच्या बोलीत एमआयसी, तयार करणारा विभाग २२ ऑक्टोबरपासून बंद होता. नवं काही बनत नव्हतं, पण आधी बनवलेलं पडून होतं. त्यातलं चाळीस टनांहून जास्त एमआयसी ६१० क्रमांकाच्या एकाच टाकीत होतं. हा द्रव ३९ अंशांना उकळतो. पाणी लागलं की स्वतःच तापायला लागतो, आणि तापला की त्याची पाण्याशी चाललेली क्रिया आणखी जोर धरते. म्हणून तो शून्य अंशाच्या आसपास ठेवायचा आणि पाण्यापासून दूर ठेवायचा, हे दोन नियम.

त्या रात्री एका ऑपरेटरला या विभागातले काही पाइप पाण्यानं धुवायचं काम सांगितलं गेलं. धुण्याआधी पाइपाच्या पुढच्या जोडात एक लोखंडी चकती बसवायची असते. तिला स्लिप ब्लाइंड म्हणतात. व्हॉल्व गळका असला तरी ती पाणी अडवते. ती बसवणं देखभाल विभागाचं काम. या पाळीचं देखभाल पर्यवेक्षकाचं पद काही दिवसांपूर्वीच काटकसरीत रद्द झालं होतं. चकती बसली नाही, पाणी सोडलं गेलं. ज्या नळांतून ते खाली पडायला हवं होतं त्यांतल्या काहींतून पडेना. ऑपरेटरनं ते वरिष्ठांच्या कानावर घातलं. चालू ठेव, असं उत्तर आलं, असं त्यानं पुढे सांगितलं.

आता मे १९८२ मधला एक अहवाल बघा. अमेरिकेहून आलेल्या कंपनीच्याच तज्ज्ञांनी भोपाळचा कारखाना तपासला होता. त्यांनी नोंदवलेल्या उणिवांत एक होती: गाळण्या साफ करताना इथे स्लिप ब्लाइंड लावत नाहीत, व्हॉल्व गळके आहेत, यातून गंभीर अपघात होऊ शकतो. दाबमापकांची आणि सुरक्षा-व्हॉल्वची देखभाल नीट नाही. माणसं सारखी सोडून जातात. उपकरणाच्या बिघाडानं किंवा चुकीनं विषारी वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडण्याची शक्यता आहे. (याच अहवालात, तातडीचा धोका कुठेही दिसला नाही, असंही एक वाक्य आहे. ते वगळून अहवाल उद्धृत करणं बरोबर नाही. अशी वाक्यं अशा अहवालांत का येतात, हे नोकरी केलेल्या कुणालाही समजेल.)

या अहवालाला भोपाळनं उत्तर दिलं. कोणत्या त्रुटीवर काय केलं याचे प्रगती-अहवाल अमेरिकेला जात राहिले. १९८४ च्या उन्हाळ्यापर्यंत जवळजवळ सगळं पुरं झाल्याचं कागदावर दिसत होतं.

भोपाळबद्दल लिहिताना ‘इशाऱ्यांकडे दुर्लक्ष झालं’ असं लिहायची पद्धत पडून गेली आहे. मला ते पटत नाही. दुर्लक्ष केलेल्या माणसाला निदान आपलं ऐकलं गेलं नाही हे तरी कळतं. भोपाळमध्ये टीका करणाऱ्या बहुतेकांना उत्तर मिळालं: एका वकिलाला मिळालं, आमदारांना भर विधानसभेत मिळालं, कंपनीच्या स्वतःच्या तपासनिसांना तक्ता भरून मिळालं. उत्तरं द्यायचं यंत्र उत्तम चालू होतं. बाकीची यंत्रं एकेक करून बंद होत होती.

रात्री १०.२०

६१० क्रमांकाच्या टाकीतला दाब चौरस इंचाला २ पौंड. नेहमीसारखा.

रात्री १०.४५

पाळी बदलली. दुसऱ्या पाळीचे लोक घरी निघाले, तिसरीचे आले. एमआयसी विभागात पूर्वी एका पाळीला बारा माणसं असत, ती सहावर आणली होती. प्रशिक्षणाचा काळही आखडला होता. कारखाना तोट्यात होता. सेव्हिन हे कीटकनाशक ज्या हिशेबानं बनवायला घेतलं होतं त्या हिशेबानं खपत नव्हतं, आणि कंपनी कारखाना विकून टाकायच्या विचारात होती. विकायला काढलेल्या वाड्याची कौलं कोणी शाकारत नाही.

इथे एक सांगायला हवं. मराठी घरांत ही कंपनी ओळखीची होती ती एव्हरेडीच्या सेलमुळे, टॉर्च आणि ट्रान्झिस्टरमुळे. युनियन कार्बाइड इंडियाचे अध्यक्ष मुंबईचे केशुब महिंद्रा, व्यवस्थापकीय संचालक विजय गोखले. मालकीचा मोठा हिस्सा, ५०.९ टक्के, अमेरिकन कंपनीकडे. म्हणजे भोपाळमधल्या तक्रारीला चढायला तीन पायऱ्या होत्या: भोपाळ, मुंबई आणि कनेक्टिकटमधलं डॅनबरी. प्रत्येक पायरीवर तक्रार थोडी सभ्य होत जाते.

रात्री ११.००

दाब १० पौंड. चाळीस मिनिटांत पाचपट. नियंत्रण कक्षातल्या ऑपरेटरला त्यात वावगं वाटलं नाही, कारण २ ते २५ पौंडांमधलं काहीही चालतं असा संकेत होता. शिवाय तिथल्या मापकांवर कोणाचा फारसा विश्वासच नव्हता. काटा चढला तर काटा बिघडला असेल, ही सवय झालेली. तापमान नोंदवायची पद्धत तर कधीच मोडली होती. टाकी थंड ठेवणारं यंत्र जून १९८४ पासून बंद होतं, त्यातला फ्रिऑन काढून दुसरीकडे वापरला गेला होता. टाकी मुळातच ठरलेल्या मर्यादेपेक्षा गरम राहू लागल्यावर तापमान वाढल्याचा इशारा देणारी घंटाही निरुपयोगी ठरली.

रात्री ११.३०

विभागातल्या लोकांचे डोळे चुरचुरू लागले, पाणी येऊ लागलं. कुठेतरी एमआयसी गळतंय हे त्यांना समजलं. गळती शोधायचं त्यांचं खरं उपकरण हेच होतं, डोळे. दोघंतिघं शोधायला निघाले. जमिनीपासून बऱ्याच उंचीवरच्या एका पाइपातून पिवळट पांढरं पाणी ठिबकत होतं, सोबत थोडी वाफ.

डोळ्यांतल्या पाण्याची या कारखान्याला सवय होती. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन हे विषारी रसायन अंगावर उडून एक कामगार मेला. १९८२ च्या सुरुवातीला पुन्हा गळती झाली, वीसहून अधिक कामगार रुग्णालयात गेले. ऑक्टोबर १९८२ मध्ये एमआयसी सांडलं, आणि त्या वेळी कुंपणापलीकडच्या वस्तीतले लोकही खोकत बाहेर पळाले. कामगार संघटनेनं पत्रकं छापून शहरात चिकटवली. हजारो कामगारांच्या आणि नागरिकांच्या जिवाला धोका आहे, असा त्यांचा मजकूर होता.

१९८१ मध्ये मेलेला तो कामगार राजकुमार केसवानी नावाच्या तरुण पत्रकाराच्या ओळखीचा होता. केसवानी ‘रपट’ नावाचं एक छोटं हिंदी साप्ताहिक चालवत. रसायनशास्त्राशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांनी फॉस्जीन म्हणजे काय, एमआयसी म्हणजे काय हे पुस्तकं उघडून समजून घेतलं, कामगारांना गाठलं, त्यांच्यामार्फत अमेरिकन तज्ज्ञांचा तो अहवाल मिळवला. १७ सप्टेंबर १९८२ ला त्यांचा पहिला लेख आला. त्याचा मथळा हुजूरांना शहर वाचवा म्हणून विनवणी करणारा होता. १ ऑक्टोबरला दुसरा: भोपाळ ज्वालामुखीच्या तोंडावर बसलं आहे. ८ ऑक्टोबरला तिसरा: समजून घेतलं नाहीत तर शेवटी पुसले जाल. पुढे मुख्यमंत्र्यांना पत्र. ‘रपट’ टिकलं नाही. १६ जून १९८४ ला ‘जनसत्ता’त त्यांचा आणखी एक मोठा लेख आला. दुर्घटनेला साडेपाच महिने उरले होते.

केसवानींच्या लेखनात एक दोष काढता येतो, आणि त्या काळी तो काढलाही गेला. ते ओरडत होते. मथळे भडक, सूर कळवळ्याचा, साप्ताहिक अगदीच किरकोळ. सभ्य माणसांना पटेल अशा आवाजात ते बोलत नव्हते. मला मात्र हा दोष काढणाऱ्यांबद्दल शंका आहे. तोच मुद्दा संयत, मोजक्या, तांत्रिक भाषेत अमेरिकन तपासनिसांनीही मांडला होता. त्याचं काय झालं ते वर आलंच आहे.

डिसेंबर १९८२ मध्ये मध्य प्रदेश विधानसभेत या कारखान्यावर प्रश्न निघाला. श्रममंत्री तारासिंह वियोगी यांनी उत्तर दिलं. कारखान्यात पंचवीस कोटींची गुंतवणूक आहे, तो काही इथून उचलून तिथे ठेवायचा लहानसा दगड नाही, भोपाळला कोणताही धोका नाही आणि पुढेही होणार नाही, असा त्याचा आशय. पंचवीस कोटी हा आकडा धोक्याच्या प्रश्नाला उत्तर कसा होऊ शकतो, हे सभागृहात कोणी विचारलं असेल तर ते लक्षात राहिलेलं नाही. खरं तर हा दगड हलवायचा प्रयत्न एकदा झाला होता. १९७५ मध्ये भोपाळचे प्रशासक असलेल्या महेश बुच यांनी घातक उद्योग शहरापासून दूर न्यायची नोटीस काढली. पुढे बुच यांची बदली झाली. कारखाना तिथेच राहिला.

मार्च १९८३ मध्ये भोपाळच्या एका वकिलानं कारखान्याला कायदेशीर नोटीस धाडली: शेजारच्या वस्त्यांतले लोक सतत धोक्यात आहेत, पंधरा दिवसांत काही केलं नाहीत तर न्यायालयात जाईन. वर्क्स मॅनेजर जे. मुकुंद यांचं उत्तर एप्रिलअखेर गेलं. सर्व खबरदारी घेतली जाते, वस्त्यांना धोका असल्याचा आपला आरोप पूर्णपणे निराधार आहे, असं त्यात होतं. पत्र नीटनेटकं, फक्त मुदत उलटून गेल्यावर आलेलं. कचेरीतल्या फायलीत ते एक मिटलेलं प्रकरण झालं असणार.

रात्री ११.४५

गळती दिसल्याचं नियंत्रण कक्षात कळवलं गेलं. पर्यवेक्षकांना ती पाण्याची वाटली. चहानंतर बघू, असं ठरलं.

या चहावर आजवर पुष्कळ शाई सांडली आहे. मला तो चहा फारसा दोषी वाटत नाही. ज्या कारखान्यात डोळे रोजच चुरचुरतात, तिथे डोळे चुरचुरले म्हणून कोणी चहा सोडत नाही. ही सवय त्या पर्यवेक्षकांनी लावून घेतलेली नव्हती. ती वरून झिरपत आली होती.

सोमवार, ३ डिसेंबर, रात्री १२.१५

चहा आला. दाब चढत होता.

रात्री १२.४०

काटा ५५ पौंडांच्या टोकाला जाऊन अडला. तापमापकही आपल्या शेवटच्या आकड्याच्या पुढे गेला होता. ऑपरेटर टाकीकडे धावला. टाकी अर्धवट जमिनीत, वर काँक्रीटचं जाड आवरण. आतून घुमल्यासारखा आवाज येत होता, काँक्रीटला तडे जात होते, आणि त्यातून धग अंगावर येत होती. थोड्या वेळात सुरक्षा-व्हॉल्व उघडला आणि वायू पाइपातून वर निघाला.

या क्षणासाठी कारखान्यात एकामागून एक बचावाच्या फळ्या उभ्या होत्या. टाकी थंड ठेवणारं यंत्र पाच महिन्यांपासून बंद होतं. बाहेर जाणारा वायू कॉस्टिक सोड्यात धुऊन निष्प्रभ करणारा स्क्रबर उत्पादन थांबल्यापासून विसाव्यावर होता. ऑपरेटरनं तो चालू केला, पण मापकावर सोडा फिरताना दिसेना. उरलेला वायू उंचावर जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर होता, पण त्याच्याकडे जाणाऱ्या पाइपाचा गंजलेला तुकडा काढून ठेवला होता, नवा बसायचा होता. संकटात द्रव वळवायला एक टाकी रिकामी ठेवायची असते. तिच्या मापकावर ती रिकामी दिसत नव्हती. शेवटी अग्निशमन दलानं पाण्याचे फवारे सोडले. चिमणी ३३ मीटर उंच, फवारे तिथवर पोचेनात. १९८२ च्या अहवालानं पाण्याच्या फवाऱ्यांची व्यवस्था अपुरी आहे, असं म्हटलं होतं.

आणखी एक कागद या वेळी अमेरिकेत एका फायलीत होता. सप्टेंबर १९८४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट या गावच्या कार्बाइड कारखान्यात, कंपनीच्याच तज्ज्ञांनी लिहून दिलं होतं की एमआयसीच्या टाकीत पाणी शिरून प्रक्रिया हाताबाहेर जाऊ शकते आणि ती वेळेत आवरता येईलच असं नाही. भोपाळला तो पाठवला गेला नाही. तो त्यांच्याबद्दल नव्हता ना.

रात्री १.००

सायरन वाजला. थोडा वेळ. मग थांबला.

सगळ्या रात्रीत मला इथे सर्वांत जास्त रेंगाळावंसं वाटतं. पूर्वी कारखान्यात गळती झाली की एकच भोंगा वाजे, आत आणि बाहेर दोन्हीकडे ऐकू जाणारा. लहानसहान गळती वारंवार व्हायची, भोंगा वारंवार वाजायचा, वस्तीतले लोक घाबरून रस्त्यावर यायचे, आणि मग प्रश्न विचारायचे. १९८२ नंतर व्यवस्थापनानं पद्धत बदलली. आतला हलका भोंगा वेगळा, बाहेरचा मोठा वेगळा. मोठा वाजवायचा की नाही, आणि किती वेळ, ते माणसानं ठरवायचं. उगाच घबराट नको, हे कारण. ते अगदी खोटं नव्हतं. पण भोंगा हा त्या कारखान्यातला एकमेव टीकाकार होता ज्याला पत्र लिहून उत्तर देता येत नव्हतं. त्याच्यासाठी वेगळा उपाय करावा लागला.

त्या रात्री मोठा भोंगा काही मिनिटांत बंद केला गेला. आतल्या कामगारांना हलक्या भोंग्यावरून कळलं, आणि वारा कुठून कुठे वाहतोय हे पाहून ते उलट दिशेनं पळाले. ज्यांना माहीत होतं ते बहुतेक वाचले. वारा मंद होता, वायव्येकडून आग्नेयेकडे, म्हणजे जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, चांदबड, रेल्वे कॉलनी आणि पुढे जुन्या शहराकडे. थंडीमुळे दारंखिडक्या बंद. वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकणारा. लोक खोकत उठले. कोणी मिरच्या जाळल्यात की काय असं वाटून शेजाऱ्यांना शिव्या देत बाहेर आलेले बरेच जण होते. ओलं फडकं तोंडावर धरून आडवं पडलं असतं तर निदान काही जण वाचले असते. पण हे त्यांना कधी सांगितलं गेलं नव्हतं. सांगितलं असतं तर धोका आहे हे मान्य करावं लागलं असतं.

रात्री १.१० च्या सुमारास

कारखान्यापासून जेमतेम दीड-दोन किलोमीटरवरच्या भोपाळ स्टेशनात गोरखपूर–मुंबई गाडी उभी होती. उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर फलाटावर आले. घशात आणि डोळ्यांत आग उतरली, काय झालंय ते कळेना, पण काहीतरी भयंकर आहे हे त्यांनी ओळखलं. त्यांनी वरिष्ठांच्या परवानगीची वाट पाहिली नाही. गाडी ठरलेल्या वेळेआधी सोडायला लावली, शेजारच्या स्टेशनांना निरोप दिला की भोपाळकडे गाड्या पाठवू नका, आणि स्वतः तिथेच थांबले. स्टेशन अधीक्षक हरीश धुर्वे त्या रात्री गेले. रेल्वेचे आणखीही बरेच कर्मचारी गेले. दस्तगीर वाचले, पण उरलेलं आयुष्य त्या वायूचे परिणाम भोगत राहिले.

या माणसाला कारखान्याची काहीही माहिती नव्हती. त्याच्याकडे अहवाल नव्हता, मापक नव्हता. ज्यांच्याकडे हे सगळं होतं ते त्याच सुमारास टेलिफोनवर होते.

रात्री १.३० ते २.१०

पोलिस नियंत्रण कक्षातून कारखान्याला तीनदा फोन गेले. दोनदा उत्तर मिळालं, सगळं ठीक आहे. एकदा मिळालं, काय झालंय ते आम्हाला माहीत नाही. स्वतः पोलिसही तोवर खोकत होते. जिल्हा प्रशासनातल्या एका अधिकाऱ्यानं मुकुंद यांना घरी गाठलं. गळती आमच्या कारखान्यातून असूच शकत नाही, कारखाना तर बंद आहे, आमचं तंत्रज्ञान चुकत नाही, असं ते म्हणाल्याची नोंद आहे.

हे वाक्य ऐकून संतापायला होतं. पण मुकुंद खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. दीड वर्षापूर्वी वकिलाला त्यांनी हेच लिहिलं होतं. एकच उत्तर पुन्हापुन्हा दिलं की देणारा त्यावर विश्वास ठेवू लागतो. इतरांना समजावण्यासाठी तयार केलेलं वाक्य रात्री पावणेदोनला झोपेतून उठवल्यावरही ओठांवर येतं.

केसवानी जुन्या भोपाळमध्येच राहत होते. त्यांनाही त्या वासानं उठवलं. कुटुंबाला घेऊन तेही पळाले.

रात्री २.३० च्या सुमारास

मोठा भोंगा पुन्हा वाजला, या वेळी पूर्ण. टाकीतलं बहुतेक एमआयसी तोवर बाहेर पडून गेलं होतं. भोंगा ऐकून आग लागली असं समजून काही लोक मदतीला कारखान्याच्या दिशेनं धावले.

पहाट

हमीदिया रुग्णालयाच्या आवारात पाय ठेवायला जागा उरली नाही. डॉक्टरांनी कारखान्याकडे विचारणा केली: कोणता वायू, काय उपचार? उत्तर आलं, जीव घेणारा नाही, अश्रुधुरासारखा आहे, डोळे पाण्यानं धुवा. एमआयसीचा उतारा कोणता हे कंपनीनं कधी जाहीर केलं नव्हतं. पुढच्या दिवसांत गांधी मेडिकल कॉलेजचे न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. हिरेश चंद्र यांना शवविच्छेदनात सायनाइडच्या विषबाधेच्या खुणा दिसल्या आणि सोडियम थायोसल्फेट देण्याची सूचना त्यांनी केली. सायनाइडची शंका असेल तर ते द्या, असं कंपनीच्या तज्ज्ञांनीही सुरुवातीला तारेनं कळवलं होतं. मग त्यांनी ते मागे घेतलं. उतारा लागू पडला असता तर रक्तात काय गेलं हेही सिद्ध झालं असतं. या मुद्द्यावर भोपाळमध्ये डॉक्टर, सरकार आणि कार्यकर्ते यांच्यात महिनोन्‌महिने भांडण चाललं, आणि त्या काळात माणसं मरत राहिली.

सरकारनं पहिल्या हिशेबात २,२५९ मृत्यू मोजले. नुकसानभरपाईच्या कागदांत पुढे हा आकडा पाच हजारांच्या वर गेला, वायुपीडितांच्या संघटना त्याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात. जखमी झालेल्यांची संख्या मध्य प्रदेश सरकारनं २००६ मध्ये प्रतिज्ञापत्रावर दिली: ५,५८,१२५.

शुक्रवार, ७ डिसेंबर

युनियन कार्बाइड कॉर्पोरेशनचे अध्यक्ष वॉरन अँडरसन भोपाळला उतरले. महिंद्रा आणि गोखले त्यांच्यासोबत होते. तिघांना विमानतळावरच ताब्यात घेऊन कंपनीच्या श्यामला हिल्सवरच्या अतिथिगृहात ठेवलं. काही तासांत अँडरसन पंचवीस हजारांच्या जामिनावर सुटले आणि राज्य सरकारच्या विमानानं दिल्लीला गेले. खटल्याला ते कधी परत आले नाहीत. साडेपंचवीस वर्षांनी, ७ जून २०१० ला, भोपाळच्या न्यायालयानं महिंद्रा, गोखले, मुकुंद आणि इतरांना निष्काळजीपणाबद्दल दोन वर्षांची शिक्षा दिली. त्यांचाही जामीन लगेच झाला. रक्कम पंचवीस हजार.

१९८५ ते १९८८

कंपनीनं मार्च १९८५ मध्ये आपला तपास-अहवाल काढला आणि टाकीत पाणी शिरल्याचं मान्य केलं. ते पाइप धुताना शिरलं, हे मात्र तिला मान्य नव्हतं. डॉ. एस. वरदराजन यांच्या सरकारी समितीनं त्या वर्षअखेर कारखान्याच्या रचनेवर, एवढा साठा करण्यावर आणि देखभालीवर बोट ठेवलं. कंपनीचं म्हणणं हळूहळू पक्कं होत गेलं: एका नाराज कामगारानं मुद्दाम टाकीला रबरी नळी जोडली. मे १९८८ मध्ये आर्थर डी. लिट्ल या सल्लागार संस्थेच्या अशोक कालेलकर यांनी लंडनच्या एका परिषदेत हाच सिद्धांत मांडला, मुलाखती आणि नोंदवह्यांतल्या विसंगती दाखवून. निबंध हुशारीनं लिहिलेला आहे. तो वाचताना पाणी कोणी सोडलं याचंच कुतूहल वाढत जातं, आणि यंत्रं का बंद होती हा प्रश्न पानांमागे राहतो. त्या कामगारावरचा आरोप कोणत्याही न्यायालयात सिद्ध झाला नाही. समजा, झाला असता. तरी स्क्रबर, फ्लेअर टॉवर, शीतयंत्र ही यंत्रं त्यानं बंद केलेली नव्हती. पाणी कसंही आलं तरी ती चालायला हवी होती, त्यासाठीच तर ती उभी केली होती.

मधल्या काळात अमेरिकेत लोक विचारू लागले, इथे असं होईल का? कंपनीनं वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूटच्या कारखान्यात लाखो डॉलर खर्चून सुधारणा केल्या, आणि उत्तर दिलं, नाही. ११ ऑगस्ट १९८५ ला तिथून दुसरा एक विषारी वायू सुटला. १३५ लोकांवर रुग्णालयात उपचार करावे लागले. शेजाऱ्यांची पहिली तक्रार होती, आम्हाला वेळेवर कळवलं नाही.

फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

३ डिसेंबर २००४

युनियन कार्बाइड २००१ मध्ये डाऊ केमिकलनं विकत घेतली होती. दुर्घटनेला वीस वर्षं झाली त्या सकाळी बीबीसी वर्ल्डवर डाऊचे प्रवक्ते म्हणून एक गृहस्थ बसले. त्यांनी भोपाळची पूर्ण जबाबदारी स्वीकारली. कंपनी पीडितांना १२ अब्ज डॉलर देणार आणि कारखान्याची जागा साफ करणार, असं जाहीर केलं. हे गृहस्थ डाऊचे नव्हते. मोठ्या कंपन्यांची सोंगं आणून त्यांची फजिती करणाऱ्या ‘येस मेन’ नावाच्या अमेरिकन जोडगोळीतले ते एक. भोपाळमध्ये ही बातमी खरी मानून काही जण रडले, आणि खोटी निघाल्यावर पुन्हा रडले. या जोडीवर त्यासाठी झालेली टीका मला रास्त वाटते.

फ्रँकफर्टच्या शेअर बाजारात डाऊचा भाव काही मिनिटांत चार टक्क्यांहून जास्त घसरला. कंपनीनं दोनेक तासांतच खंडन केलं: असा कोणताही प्रवक्ता आमचा नाही, अशी कोणतीही जबाबदारी आम्ही घेतलेली नाही. ते साऱ्या जगात ऐकू गेलं, आणि शेअर सावरला.